एकच इयत्ता, एकच वर्ष आणि दोन उद्दिष्टे

विश्लेषण

नवी दिल्ली : इयत्ता तिसरीपासून पुढे कृत्रिम बुद्धिमत्ता आणि संगणकीय विचारपद्धती या विषयांचा शालेय अभ्यासक्रमात समावेश करण्याचा निर्णय केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केला. त्याच्या अंमलबजावणीसाठी २०२६-२७ हे शैक्षणिक वर्ष निश्चित करण्यात आले. याच मंत्रालयाने ५ जुलै २०२१ रोजी सुरू केलेल्या ‘निपुण भारत’ अभियानाची मुदतही २०२६-२७ हीच आहे. तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, लिहिता यावे आणि अंकगणिताची मूलभूत कौशल्ये आत्मसात व्हावीत, हे त्या अभियानाचे उद्दिष्ट होय.

म्हणजे एकाच वर्षी, एकाच इयत्तेकडून दोन अपेक्षा ठेवण्यात आल्या आहेत. पहिली अपेक्षा जुनी असून अद्याप अपूर्ण आहे. दुसरी नवी आणि आकर्षक आहे. या दोन्ही परस्परांना पूरक ठरतील की एकीच्या गजरात दुसरी मागे पडेल, यावर प्राथमिक शिक्षणातील माहिती तंत्रज्ञानाचे भवितव्य अवलंबून राहणार आहे.

वाचनाची सद्यःस्थिती

‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने ग्रामीण भारतात होणाऱ्या ‘असर’ सर्वेक्षणाचा २०२४ चा अहवाल या संदर्भात महत्त्वाचा आहे. सरकारी शाळांतील तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या स्तराचा मजकूर वाचू शकणाऱ्यांचे प्रमाण २०१८ मध्ये २०.९ टक्के होते. करोनाच्या महासाथीनंतर, २०२२ मध्ये ते १६.३ टक्क्यांपर्यंत घसरले आणि २०२४ मध्ये २३.४ टक्क्यांवर पोहोचले. दोन वर्षांत झालेली ही सुधारणा लक्षणीय आहे आणि पायाभूत साक्षरतेवर दिलेल्या भराचे ते फलित मानता येईल. तरीही चारपैकी तीन मुले अजून त्या पातळीच्या अलीकडेच आहेत, हेही हाच आकडा सांगतो.

गणिताचे चित्र फारसे वेगळे नाही. ‘परख’ या राष्ट्रीय सर्वेक्षणात डिसेंबर २०२४ मध्ये सरकारी आणि खासगी अशा दोन्ही प्रकारच्या शाळांतील विद्यार्थ्यांची चाचणी घेण्यात आली. त्यात ९९ पर्यंतच्या संख्या चढत्या वा उतरत्या क्रमाने लावू शकणारे तिसरीचे विद्यार्थी ५५ टक्के आढळले. संगणकीय विचारपद्धतीत क्रम लावणे, आकृतिबंध ओळखणे आणि मोठ्या कामाचे लहान टप्पे पाडणे या गोष्टी अभिप्रेत असतात. संख्यांचा क्रम लावणे ही त्याचीच पहिली पायरी आहे. त्यामुळे नव्या विषयाचा पाया जुन्या विषयातच आहे, असे म्हणावे लागते.

निधीची वाट सहावीपासून सुरू

शाळांतील साधनसामग्रीची माहिती देणाऱ्या ‘यूडायस प्लस’ अहवालानुसार २०२४-२५ मध्ये देशातील ९३.६ टक्के शाळांत वीज, ६४.७ टक्के शाळांत संगणक आणि ६३.५ टक्के शाळांत इंटरनेट उपलब्ध होते. आदल्या वर्षी संगणक असलेल्या शाळांचे प्रमाण ५७.२ टक्के आणि इंटरनेट असलेल्या शाळांचे प्रमाण ५३.९ टक्के होते. वाढीचा वेग चांगला आहे. मात्र हे आकडे पहिलीपासून बारावीपर्यंतच्या सर्व प्रकारच्या शाळांचे आहेत. मोठ्या उच्च माध्यमिक शाळेची सुसज्ज प्रयोगशाळा आणि पाड्यावरची वीस मुलांची शाळा या सरासरीत एकत्र येतात.

या दोन शाळांतील अंतर केवळ परिस्थितीमुळे पडलेले नाही. योजनांच्या रचनेतच ते आहे. ‘समग्र शिक्षा’ योजनेतील माहिती आणि संप्रेषण तंत्रज्ञानाचा घटक सहावी ते बारावीचे वर्ग असलेल्या सरकारी शाळांसाठी आहे. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ‘भारतनेट’मधून ब्रॉडबँड जोडणी देण्याची घोषणा झाली, ती ग्रामीण भागातील सरकारी माध्यमिक शाळांसाठी आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांसाठी. नव्या विषयाचा आरंभ तिसरीपासून होणार असताना त्यासाठी लागणाऱ्या साधनांचा मुख्य निधी मात्र सहावीपासून सुरू होतो. पहिली ते पाचवीच्या शाळेने आपली सोय कशी करावी, याचे स्पष्ट उत्तर या योजनांमध्ये सापडत नाही.

महाराष्ट्रातील जिल्हा परिषद शाळांनी त्याचे उत्तर लोकसहभागातून शोधले. २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाल्यानंतर राज्यभर गावोगावच्या शिक्षकांनी ग्रामस्थांकडून वर्गणी गोळा केली, काहींनी स्वतःच्या वेतनातून भर घातली आणि प्रोजेक्टर, टॅब, दूरचित्रवाणी संच वर्गात आणले. सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील परितेवाडी येथील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली. त्या कल्पनेचा पुढे राज्याच्या आणि एनसीईआरटीच्या पाठ्यपुस्तकांतही स्वीकार झाला. डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर शिक्षकांमध्ये वाटून दिली.

हा इतिहास अभिमानास्पद आहे. पण त्याची दुसरी बाजूही पाहावी लागते. वर्गणीतून आलेला संच दोन-तीन वर्षांनी नादुरुस्त होतो, बॅटरी निकामी होते, वीजबिल थकते. उपक्रमशील शिक्षकाची बदली झाली की ते साधन कपाटात जाते. ‘समग्र शिक्षा’अंतर्गत ३० पर्यंत पटसंख्या असलेल्या शाळेला वर्षाला १०,००० रुपये संयुक्त शाळा अनुदान मिळते. खडू, स्वच्छता, किरकोळ दुरुस्ती, वीज असा शाळेचा सगळा नैमित्तिक खर्च त्यातूनच भागवायचा असतो. पडद्याची दुरुस्ती आणि इंटरनेटचे मासिक शुल्क यांसाठी त्यात फारसे काही उरत नाही. वर्गणी एकदा गोळा करता येते, देखभालीसाठी दरवर्षी ती मागणे शक्य नसते.

बडोद्याचा धडा

संगणकामुळे प्राथमिक शाळेतील मुले खरोखर अधिक शिकतात का, या प्रश्नाचे सर्वांत उपयुक्त भारतीय उत्तर वीस वर्षांपूर्वीच बडोद्यात मिळाले आहे. गुजरात सरकारने २००० साली तेथील महापालिकेच्या बहुसंख्य प्राथमिक शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले होते. दोन वर्षांनंतर पाहणी झाली तेव्हा त्यातील फार थोडे संगणक मुलांच्या वापरात असल्याचे आढळले. ‘प्रथम’ने तेच संगणक वापरून चौथीच्या मुलांसाठी गणिताचा कार्यक्रम आखला. दोन मुलांना मिळून एक संगणक, आठवड्यातून दोन तास, मुलाच्या पातळीनुसार सोपी किंवा अवघड होत जाणारी उदाहरणे आणि मदतीला स्थानिक परिसरातीलच प्रशिक्षित साहाय्यक, असे त्याचे स्वरूप होते.

पुढे नोबेल पारितोषिक मिळालेले अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्यासह चार संशोधकांनी या कार्यक्रमाचे मूल्यमापन केले. त्याच अभ्यासात मुंबई आणि बडोदा येथील ‘बालसखी’ उपक्रमाचीही तपासणी झाली. मागे पडलेल्या मुलांना शाळेच्या वेळेतच वेगळे बसवून वाचन आणि अंकगणित शिकवणाऱ्या स्थानिक तरुणींचा तो उपक्रम होता. संगणकाच्या साहाय्याने शिकलेल्या मुलांच्या गणिताच्या गुणांत ठळक वाढ झाली. भाषेत मात्र वाढ आढळली नाही आणि कार्यक्रम संपल्यानंतर वर्षभरात गणितातील लाभाचाही मोठा भाग ओसरला.

या निष्कर्षांतून तीन गोष्टी दिसतात. तेच संगणक दोन वर्षे निरुपयोगी होते आणि योग्य मजकूर, ठरलेली वेळ व जवळ बसणारी व्यक्ती मिळताच ते उपयोगी ठरले. लाभ झाला तो सराव मुलाच्या पातळीला जुळत असल्यामुळे. आणि हा लाभ टिकवायचा असेल तर कार्यक्रमात सातत्य हवे.

गुजरातमध्येच ‘ज्ञानशाला’ या उपक्रमाच्या दुसरी-तिसरीच्या वर्गांवर झालेल्या अभ्यासाने आणखी एक भर घातली. शिक्षिकेच्या अध्यापनाचा वेळ कमी करून त्या जागी संगणक आणला तेव्हा मुले मागे पडली. तोच संगणक शाळेच्या वेळेबाहेर, पूरक म्हणून वापरला तेव्हा त्यांना फायदा झाला. परदेशातील अनुभव याहून निराळा नाही. पेरूमध्ये प्रत्येक मुलाला लॅपटॉप देण्याच्या कार्यक्रमाचा ३१९ ग्रामीण शाळांत अभ्यास झाला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत गणित आणि भाषेच्या गुणांवर परिणाम झाल्याचा पुरावा मिळाला नाही. यंत्रे भरपूर वाटली गेली होती. पण वर्गातील अध्यापन पूर्वीसारखेच राहिले होते.

शिक्षकाचा वेळ

आपल्याकडे हा प्रश्न अधिक बिकट होतो तो शिक्षकांच्या उपलब्धतेमुळे. २०२४-२५ च्या अहवालानुसार देशात १,०४,१२५ शाळा एकशिक्षकी आहेत आणि त्यांत सुमारे ३३.७६ लाख मुले शिकतात. अशा शाळेचे वेळापत्रक डोळ्यांसमोर आणले तर तंत्रज्ञानाची गरज आणि त्याची मर्यादा दोन्ही स्पष्ट होतात. एकाच खोलीत पहिली ते चौथीची मुले बसलेली असतात. पहिलीला अक्षरओळख, तिसरीला हातच्याची वजाबाकी आणि चौथीला भागाकार एकाच वेळी शिकवायचा असतो. तिसरीच्या मुलांना अर्धा तास गुंतवून ठेवणारा आणि त्यांच्या पातळीचा सराव देणारा एखादा टॅब तेथे खरोखरच मदतीला धावून येऊ शकतो. मुलाचे प्रकट वाचन ऐकून अडखळलेला शब्द दाखवणारी मोफत उपयोजने आता मराठीतही आहेत. जोडाक्षरांपाशी थबकणाऱ्या मुलाला घरी वाचून दाखवणारे कोणी नसेल, तर त्याच्यासाठी ती मोलाची आहेत.

परंतु आज बहुतांश प्राथमिक शाळांत सर्वाधिक वापरले जाणारे डिजिटल साधन म्हणजे शिक्षकाचा स्वतःचा मोबाइल होय आणि त्याचा बराचसा वापर अध्यापनासाठी होत नाही. हजेरी, पोषण आहाराची नोंद, विद्यार्थ्यांच्या आधार क्रमांकाची पडताळणी, उपक्रमांची छायाचित्रे, प्रशिक्षणाच्या दुव्यांवरील नोंदणी अशी कामे त्यावर चालतात. ऑनलाइन माहिती भरण्याच्या या ओझ्याविरुद्ध शिक्षक संघटना सातत्याने आवाज उठवत आल्या आहेत. एकशिक्षकी शाळेत हे काम शिकवण्याच्या वेळेतूनच होते. म्हणजे ‘ज्ञानशाला’च्या अभ्यासात जे प्रयोगापुरते घडले, अध्यापनाचा वेळ यंत्राने घेतला आणि मुले मागे पडली, ते येथे प्रशासकीय गरजेपोटी दररोज घडण्याचा धोका आहे.

केरळने निवडलेला क्रम

या पार्श्वभूमीवर केरळचा अनुभव लक्षात घेण्याजोगा आहे. त्या राज्याने २००१ मध्ये ‘आयटी@स्कूल’ प्रकल्प सुरू केला आणि २०१७ मध्ये त्याचे ‘काइट’ या सरकारी संस्थेत रूपांतर केले. या प्रकल्पात शिक्षक प्रशिक्षणाला आरंभापासूनच प्राधान्य देण्यात आले आणि प्रशिक्षण देणारे बहुतेक जण शाळांतील शिक्षकच होते. परवाना शुल्क लागणाऱ्या संगणक प्रणालींऐवजी मुक्त प्रणालीचा स्वीकार करण्यात आला. त्यामुळे खर्च वाचला आणि मल्याळम भाषेत हवे ते बदल करून घेता आले. प्राथमिक वर्गांसाठी ‘कळिप्पेट्टी’, म्हणजे खेळण्यांची पेटी, या नावाने स्वतंत्र पाठ्यपुस्तके तयार झाली. माध्यमिक वर्गांनंतर सुमारे दहा हजार प्राथमिक शाळांत संगणक प्रयोगशाळा उभारण्यात आल्या. उपकरणांच्या खरेदी करारातच पाच वर्षांची हमी आणि तक्रार निवारणाची व्यवस्था अंतर्भूत होती.

या क्रमाचा लाभ १ जून २०२० रोजी दिसला. टाळेबंदीमुळे शाळा बंद असताना केरळने २००५ पासून चालवलेल्या ‘व्हिक्टर्स’ या शैक्षणिक वाहिनीवरून ‘फर्स्ट बेल’ हे वर्ग सुरू केले. शिक्षक, मजकूर आणि वाहिनी तिन्ही आधीपासून हाताशी होते. अर्थात केरळची साक्षरता, दाट लोकवस्ती आणि शाळांची पटसंख्या वेगळी आहे. तेथील आराखडा जसाच्या तसा मेळघाटात किंवा बस्तरमध्ये लागू करता येणार नाही. प्रशिक्षण, स्वभाषेतील मजकूर आणि देखभाल यांची सोय साधनांसोबतच करण्याची त्यांची पद्धत मात्र कोठेही लागू करता येण्यासारखी आहे.

मराठीसाठी उपलब्ध संधी

स्वभाषेचा मुद्दा मराठी वाचकांसाठी विशेष महत्त्वाचा आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने किमान पाचवीपर्यंत शक्य तेथे मातृभाषेतून किंवा परिसरभाषेतून शिक्षण देण्याची भूमिका घेतली आहे. गोव्यातील सरकारी प्राथमिक शाळांत मराठी माध्यमाचे स्थान मोठे आहे. कर्नाटकच्या सीमाभागातही मराठी शाळा आहेत. पटसंख्या कमी असलेल्या अशा शाळांना मराठीतील पूरक वाचन साहित्य छापील स्वरूपात मिळवणे अवघड जाते. ‘बालभारती’ची पाठ्यपुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. ‘प्रथम बुक्स’च्या ‘स्टोरीविव्हर’ या मंचावर २०१५ पासून अनेक भारतीय भाषांतील बालकथा मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहेत. ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झालेल्या ‘दीक्षा’ मंचावरही मराठी साहित्य आहे. राज्यांच्या सीमा ओलांडून तिसरीच्या मुलाच्या हाती मराठी गोष्ट पोहोचवणे तंत्रज्ञानामुळे शक्य झाले आहे आणि हा त्याचा सर्वांत कमी खर्चाचा उपयोग आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या बाबतीत मात्र मराठी आणि अन्य भारतीय भाषांनी सावध राहणे आवश्यक आहे. ही प्रारूपे ज्या मजकुरावर घडवली जातात, त्यात इंग्रजीचा वाटा फार मोठा आहे. चुकीचे उत्तरही ती सफाईदार भाषेत देतात. मोठा वाचक ते पडताळून पाहू शकतो. नुकते वाचायला शिकलेल्या आठ वर्षांच्या मुलाकडे ती क्षमता नसते.

काय करता येईल

संगणकीय विचारपद्धती शिकवण्यासाठी तिसरीच्या प्रत्येक मुलासमोर पडदा असण्याची गरज नाही. नकाशावरून वाट शोधणे, रांगोळीतील ठिपक्यांचा आकृतिबंध पुढे नेणे, चहा करण्याच्या कृतीचे टप्पे योग्य क्रमाने मांडणे, वस्तूंचे गुणधर्मांनुसार वर्गीकरण करणे हे सर्व खडू-फळ्यावर आणि शाळेच्या अंगणात करता येते. मंत्रालयानेही हा विषय ‘आपल्या सभोवतालचे जग’ या संकल्पनेशी जोडण्याची भूमिका मांडली असून शिक्षक प्रशिक्षणासाठी ‘निष्ठा’ कार्यक्रमाचा आधार घेण्याचे ठरवले आहे. तिसरी ते पाचवीच्या टप्प्यावर हा विषय यंत्राविना आणि भाषा व गणिताच्या तासांत मिसळूनच शिकवावा, असे स्पष्ट निर्देश राज्यांनी दिले, तर दोन उद्दिष्टांतील संघर्ष बराचसा टळेल. तसे न झाल्यास स्वतंत्र पुस्तक, स्वतंत्र तास आणि स्वतंत्र चाचणी येईल आणि त्यासाठी लागणारा वेळ वाचनाच्या तासातूनच घेतला जाईल.

त्याचबरोबर धोरणात तीन दुरुस्त्या आवश्यक वाटतात. डिजिटल साधनांचा निधी पहिली ते पाचवीच्या शाळांपर्यंत नेताना देखभाल आणि इंटरनेटसाठी वार्षिक, स्वतंत्र तरतूद हवी. नैमित्तिक अनुदानात ती ढकलून चालणार नाही. प्रत्येक नवे प्रशासकीय उपयोजन लागू करण्यापूर्वी ते शिक्षकाचा किती वेळ घेईल याचा हिशेब मांडला जावा आणि जुनी नोंद बंद केल्याशिवाय नवी सुरू करू नये. यशाचे मोजमाप किती शाळांत संगणक आले यावर न थांबता ते आठवड्याला किती तास मुलांच्या हाती होते आणि त्या वर्गाचे वाचन किती सुधारले इथपर्यंत जावे.

मुलांच्या माहितीच्या सुरक्षिततेचा मुद्दाही आहेच. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार १८ वर्षांखालील व्यक्तीची माहिती वापरण्यास पालकांची पडताळणीयोग्य संमती लागते. शिक्षण संस्थांसाठी नियमांत काही सवलती आहेत. शाळेने सुचवलेले उपयोजन पालकाच्या मोबाइलवर घेतले जाते तेव्हा कोणती माहिती कोणाकडे जाते, हे पालकांना साध्या मराठीत सांगण्याची जबाबदारी कोणाची, याचा निर्णय शाळेवर सोडून देणे योग्य नव्हे.

या सर्वांत पालकांची भूमिका कमी लेखता येणार नाही. शिक्षण हक्क कायद्यानुसार स्थापन झालेल्या शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. शाळेचा विकास आराखडा तयार करण्याचा आणि अनुदानाच्या वापरावर देखरेख ठेवण्याचा अधिकार या समितीला आहे. त्यामुळे शाळेत किती टॅब आहेत एवढ्यावर न थांबता त्यांपैकी किती चालू आहेत, तिसरीच्या मुलांना ते आठवड्यातून किती वेळ मिळतात, बिघडल्यास दुरुस्ती कोण करतो आणि वर्गातील किती मुले दुसरीचा उतारा न अडखळता वाचतात, हे प्रश्न समितीच्या पहिल्याच बैठकीत विचारता येतील. त्यांची उत्तरे इतिवृत्तात नोंदवली गेली आणि वर्षअखेरीस पुन्हा तपासली गेली, तर नव्या अभ्यासक्रमाचा त्या शाळेपुरता खरा ताळेबंद गावासमोर येईल.